‘काहून?’चा तास

वऱ्हाडात ‘का’ला ‘काहून’ म्हणतात. मलकापुरातलं चार वर्षांचं पोर दिवसभर ‘काहून, काहून’ करत आईचं डोकं खातं. पाचवीत जाईतो ते गप्प होतं, कारण वर्गात प्रश्न विचारायचे ते सरांनी. तत्त्वज्ञानाच्या तासात हे काहून परत येतं. शंकराचार्य-सॉक्रेटिस पाठ करावे लागत नाहीत.

बाकं सरकवून मुलं गोल बसतात. सर एक छोटी गोष्ट सांगतात. मग मिनिटभर कुणी बोलायचं नाही. दोघादोघांनी मिळून एक प्रश्न काढायचा. सगळे प्रश्न फळ्यावर येतात आणि हात वर करून त्यातला एक निवडला जातो.

समजा प्रश्न आला, नळगंगेचं पाणी आटलं तर ती नदीच राहते का?

“पानी नाही तं नदी काहाची?”

“मंग पुलाखाली काय हाय?”

“आमच्या घरी कोनी नसलं तरी ते घरच असते ना!”

इथे सरांनी मत द्यायचं नाही, फक्त चिमटा काढायचा: घराला भिंती असतात, नदीला काय? कुणी काठ म्हणेल, कुणी वाळू. एखादी म्हणेल, पाणी तर दर पावसाळ्यात नवं येतं, मग नदी तीच कशी? ग्रीक तत्त्वज्ञ हेरॅक्लिटस अडीच हजार वर्षांपूर्वी याच पेचात अडकला होता. पोरांना हे सांगायची घाई नको.

सरांजवळ चारच वाक्यं असली तरी भागतं: असं काहून म्हणतो? उदाहरण दे. उलटं उदाहरण सापडतं का? आणि तिचं म्हणणं तुझ्या शब्दांत सांग. शेवटचं सगळ्यांत अवघड, मोठ्यांनाही.

या पद्धतीचं मूळ अमेरिकेतल्या मॅथ्यू लिपमन यांच्या कामात. कोलंबिया विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवताना त्यांना वाटलं, या वयात फार उशीर झालेला असतो. मग त्यांनी मुलांसाठी कादंबरी लिहिली आणि १९७४ साली न्यू जर्सीत, माँटक्लेअरला संस्था काढली. कादंबरीतल्या हॅरीला वर्गात विचारतात, ठरावीक वर्षांनी सूर्याला फेरी मारणारी शेपटीवाली वस्तू कोणती? सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात हे त्याला आठवतं आणि तो ठोकतो, ग्रह! वर्ग हसतो. चुकलं कुठे ते तो शोधतो: वाक्य उलटवलं, की सूर्याभोवती फिरणारं सगळं ग्रह ठरतं, आणि ते खरं नाही. आपल्याकडे म्हशीवर करून बघा. सगळ्या म्हशी जनावरं, पण सगळी जनावरं म्हशी नव्हेत. एकही म्हैस बोकड नाही, हे मात्र उलटवलं तरी खरंच राहतं.

गोष्टी आयात करायची गरज नाही. चक्रधरस्वामींच्या ‘दृष्टांतपाठा’त हत्ती चाचपणारे आंधळे आहेतच. त्यातला कोण चुकला, यावर दोन तास सहज निघतात.

मार्क वाढतात का? इंग्लंडमध्ये ४८ शाळांत या पद्धतीची चाचणी झाली; २०१५च्या अहवालात वाचन-गणितात थोडी प्रगती दिसली. पुढच्या मोठ्या चाचणीत ती दिसली नाही. मार्कांसाठी हा तास घेऊच नये, असं माझं मत.

घंटा होते. दारातून एकजण वळून विचारतो, “सर, मंग बरोबर उत्तर काय?” इथे भलेभले मास्तर घसरतात. डस्टर खाली ठेवून, फळा तसाच सोडून निघता आलं पाहिजे.