जखम ओळखणारे पहारेकरी

केळ्यांचा घड पिकला की त्यावर चिलटं जमतात. त्यांतली जेमतेम तीन मिलिमीटरची, लाल डोळ्यांची ड्रॉसोफिला माशी शंभर वर्षांहून अधिक काळ कर्करोगाच्या अभ्यासात आहे. (आंबे नासवणारी फळमाशी ती ही नव्हे.) तिच्या अळीत आनुवंशिक गाठी होतात, हे अमेरिकेत मेरी स्टार्क यांनी १९१८मध्येच नोंदवलं होतं.

या माशीकडे ना प्रतिपिंडं, ना टी-पेशी. रक्तरसात फिरणाऱ्या मोजक्या प्रकारच्या पेशी, एवढीच फौज. त्यांतल्या सुमारे ९५ टक्के प्लाझ्मॅटोसाइट. आपल्याकडे जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींच्या जातकुळीतल्या. मग स्वतःच्याच शरीरातली बिघडलेली पेशी त्या ओळखतात कशा?

येल विद्यापीठातल्या संशोधकांना २००८मध्ये मिळालेलं उत्तर मला फार सुंदर वाटतं. ‘स्क्रिबल’ हे जनुक बिघडलं की पेशींना वरची बाजू कुठली, खालची कुठली, हेच कळेनासं होतं. एका थरात ओळीने उभ्या असलेल्या पेशी एकमेकींवर चढतात, गाठ धरते आणि थराखालचं पातळ अस्तर जागोजागी फाटतं. त्या फाटक्या जागी प्लाझ्मॅटोसाइट येऊन चिकटतात, अगदी जखमेवर चिकटाव्यात तशा. त्यांना कर्करोग ठाऊक नाही. फाटलेलं अस्तर ठाऊक आहे. गाठीकडून निघणाऱ्या संदेशामुळे प्लाझ्मॅटोसाइटची संख्याही वाढते आणि गाठीला आवर बसतो.

त्यांच्या हातातलं एक हत्यार म्हणजे ‘ईगर’ हे प्रथिन, माणसातल्या टीएनएफचं भावंड. ते लागलं की बिघडलेल्या पेशी मरू लागतात. दुसरं हत्यार मेदपिंडातून, म्हणजे माशीच्या चरबी साठवणाऱ्या अवयवातून, येतं. जंतूंना मारणारं ‘डिफेन्सिन’ गाठीतल्या पेशीही मारतं, हे ग्लासगोच्या संशोधकांनी २०१९मध्ये दाखवलं. एरवी पेशीपटलाच्या आतल्या बाजूला असणारा एक स्निग्ध पदार्थ या पेशींनी बाहेर काढलेला असतो. डिफेन्सिन नेमकं तिथे जाऊन बसतं.

पण स्क्रिबलच्या जोडीला ‘रास’ हे जनुकही बिघडलं, तर डाव उलटतो. रास ही पेशीला वाढायला लावणारी कळ; माणसाच्या कितीतरी कर्करोगांत ती अडकून बसलेली असते. अशा गाठीवरही प्लाझ्मॅटोसाइट येतात, ईगरही सोडतात, पण पेशी मरत नाहीत. उलट त्याच ईगरच्या जोरावर गाठ फोफावते आणि शेजारच्या ऊतींत घुसते. अळीतून ईगरचं जनुकच काढून टाकलं, की ही घुसखोरी थांबते.