‘कूळ’ या शब्दाची कुळकथा

शेतकऱ्याच्या तोंडी रोज असणारे शब्द बहुधा लहान असतात आणि घोटाळाही लहान शब्दांतच अधिक होतो. ‘कूळ’ हा शब्द घ्या. देवघरात त्याचा एक अर्थ, चावडीवर दुसरा आणि सावकाराच्या ओटीवर तिसरा. आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याने भाऊबंदकीच्या दाव्याची पैरवी करण्यापुरता म्हणून एका नातलगास कागद करून दिला. कागदाच्या माथ्यावर ‘कुलमुखत्यारपत्र’ असे लिहिलेले होते. आपल्या कुळाचे, म्हणजे घराण्याचे, काम पाहण्याचा हा कागद, अशी बिचाऱ्याची समजूत. पुढे त्याच कागदाच्या बळावर विहिरीलगतचा तुकडा विकला गेला, तेव्हा त्यास खरा अर्थ कळला. एका शब्दाच्या अज्ञानापायी बागाईत गेली, म्हणून या शब्दाची हकीकत वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अवश्य वाटते.

मूळ संस्कृत ‘कुल’ म्हणजे वंश, घराणे. कुळाचार, कुळधर्म, कुलदैवत ही सर्व त्याचीच संतती. आपल्या जिल्ह्यातील अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातील अनेक चित्पावन घराण्यांची कुलदेवता आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. आता घराण्याचा वाचक असलेला शब्द खंड भरणाऱ्यास कसा चिकटला? याचा धागा फार जुना आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात दहा गावांच्या अधिकाऱ्यास वेतनादाखल एक ‘कुल’ भूमी सांगितली आहे. एका कुटुंबाच्या निर्वाहास पुरेल इतकी जमीन, असा तिचा अर्थ करतात. म्हणजे घर आणि घराचे शेत या दोहोंस एकच नाव. सारा घरागणिक वसूल होई, तेव्हा वहीत जे घर तेच कूळ. त्या वह्या लिहिणारा तो कुळकर्णी. कुळवार वसुली म्हणतात तीही यावरूनच. जोतीराव फुले यांनी 1869 सालच्या आपल्या पवाड्यात शिवछत्रपतींस ‘कुळवाडीभूषण’ म्हटले, तेथे कुळवाडी म्हणजे शेतकरीच. शेजारच्या कानडीतही ‘ओक्कलु’ या शब्दात घर आणि जमीन कसणारा असे दोन्ही अर्थ नांदतात; तेव्हा ही चाल केवळ मराठीची नव्हे.

पुढे सरकारास सारा देणाऱ्याचे नाव जमीनदारास खंड देणाऱ्यास लागले, सावकाराचे देणे देणाऱ्यास लागले आणि जुन्या भाषेत वकिलाच्या पक्षकारासही लागले. ज्याच्याकडून काही येणे आहे तो कूळ, असा हा उतरता क्रम आहे. शब्दाची प्रतिष्ठा वंशापासून वसुलीपर्यंत उतरली, हे काही आम्हांस भूषणावह वाटत नाही.

मराठवाड्यात आणखी एक फेरा पडला. निजामी राजवटीत कचेरीची भाषा उर्दू होती आणि 1354 फसली सालच्या, म्हणजे सुमारे 1945 च्या, कायद्यात कसणाऱ्यास ‘असामी शिकमी’ असे नाव होते. फारसीत ‘शिकम’ म्हणजे पोट. शिकमी म्हणजे खातेदाराच्या पोटातला, पोटकूळ. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि 1950 साली हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला, त्याबरोबर संरक्षित कूळ हा शब्द गावोगाव पोहोचला. या कायद्याची एक मौज अशी की, दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा तो कूळ मानला जातो, परंतु मालकाच्या कुटुंबातील माणूस कूळ होत नाही. ज्या शब्दाचा जन्मच कुटुंबात झाला, त्यातून कुटुंब तेवढे वगळले गेले! रोख किंवा धान्याच्या वेतनावर राहणारा सालगडीही कूळ नव्हे. पण पिकाच्या हिश्श्यावर कसणाऱ्या बटाईदाराची गोष्ट निराळी आहे. सातबाऱ्यावर ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ हा रकाना असतो, तो वाचताना हा भेद ध्यानात असावा.

आता तो कागद. कुलमुखत्यारपत्रातील ‘कुल’ या घराण्याचा मुळीच नव्हे. तो अरबी, अर्थ ‘सर्व’. आपण ‘बिलकूल नाही’ म्हणतो त्यातही तोच लपलेला आहे. (कुलूप मात्र या दोघांचेही कोणी नव्हे, ते अरबी ‘कुफ्ल’ची अक्षरे उलटीपालटी होऊन झाले.) मुखत्यार हाही शब्द अरबीच, म्हणजे नेमलेला, अधिकार दिलेला. तेव्हा कुलमुखत्यार म्हणजे सर्वाधिकारी. कागदात मर्यादा घातली नसेल तर दावा, खंडवसुली, गहाण, विक्री सर्व त्यात येऊ शकते. ‘ळ’ असेल तर घराणे आणि ‘ल’ असेल तर सर्व, असा सोपा नियम कोणी सांगेल, पण तो फसवा आहे. कुलदैवतातही ‘ल’च आहे. एकाच कामापुरता अधिकार द्यावयाचा तर ‘खास मुखत्यारपत्र’ करावे, त्यात दाव्याचा नंबर, गट नंबर आणि कामाची हद्द लिहावी, आणि विक्रीचा अधिकार द्यावयाचा नसल्यास तसे स्पष्ट शब्दांत नमूद करून मगच सही अथवा अंगठा करावा.