नाकातले वावडे रक्ताला कळतेच असे नाही

धानाची कापणी झाली, पुंजणे लागले आणि थ्रेशरची घरघर सुरू झाली की करडी व आसपासच्या गावांतून एक ठरलेली तक्रार दवाखान्यात येते. सकाळी उठल्याबरोबर दहा-पंधरा शिंका, नाकातून पाण्याची धार, नाकाडोळ्यांना खाज आणि रात्री नाक बंद. ताप नाही, अंगदुखी नाही. हे पडसे आठ दिवसांत जात नाही. काहींची मळणी संपेपर्यंत सुटका होत नाही, तर काहींची वर्षभर.

लक्षणे वावड्याची, म्हणजे अ‍ॅलर्जीची असतात. पण काही रुग्णांजवळ शहरातून करून आणलेला रिपोर्ट असतो आणि त्यात लिहिलेले असते की अ‍ॅलर्जी आढळली नाही. मग घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा, दुसरे काही नाही. अशा वेळी रुग्ण खोटा समजायचा की रिपोर्ट?

पुष्कळदा दोघेही खरे असतात. ते कसे, हे समजून घेऊ.

धूळ, परागकण, धुळीतले सूक्ष्म किडे यांच्याविरुद्ध काही जणांचे शरीर 'आयजीई' नावाची प्रतिद्रव्ये तयार करते. त्यांचा शोध 1966-67 च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी स्वतंत्रपणे लावला. ही प्रतिद्रव्ये नाकाच्या अस्तरातील विशिष्ट पेशींना चिकटून बसतात. धूळ आत गेली की त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन सोडतात आणि शिंका सुरू होतात. नेहमीच्या तपासण्या ही प्रतिद्रव्ये रक्तात शोधतात किंवा हाताच्या कातडीवर टोचून पाहतात.

काही रुग्णांत मात्र ही प्रतिद्रव्ये नाकाच्या अस्तरातच तयार होतात आणि तिथेच खर्ची पडतात. रक्तात पुरेशी उतरतच नाहीत. रक्त व कातडी दोन्ही निर्दोष, पण नाक बेजार! रक्त-कातडीची तपासणी कोरी असूनही नाकाच्या स्रावात आयजीई सापडते, असे 1975 सालीच इंग्लंडमधून प्रसिद्ध झाले होते. पुढे 2007 मध्ये स्पेनमधील मालागाच्या डॉक्टरांनी 'अ‍ॅलर्जी नाही' असा शिक्का बसलेल्या 50 रुग्णांच्या नाकात धुळीतल्या किड्याचा अर्क सोडून पाहिला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक रुग्णांचे नाक उसळले.

मग सरळ नाकातलीच प्रतिद्रव्ये का मोजू नयेत? मोजतात. मिठाच्या पाण्याने नाक धुऊन ते पाणी तपासतात किंवा स्पंजचा छोटा तुकडा नाकात ठेवून स्राव टिपतात. अडचण अशी की धुतलेल्या पाण्यात प्रतिद्रव्ये फार विरळ होतात. मालागाच्या त्याच अभ्यासात नाक उसळलेल्यांपैकी पाचांतल्या साधारण एकाच्याच नाकात ती सापडली. म्हणून ही तपासणी होकारार्थी आली तर विश्वास ठेवावा; नकारार्थी आली तर रोग नाही असे म्हणू नये. खात्रीची परीक्षा म्हणजे संशयित पदार्थ नाकात सोडून पाहणे, पण ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावी. घरी भुसा हुंगून असले प्रयोग करू नयेत.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नुसती 'एकूण आयजीई' वाढली म्हणजे अ‍ॅलर्जी सिद्ध होत नाही. पोटात जंत असले तरी ती वाढते. आणि सर्दीची गोळी चालू असताना कातडीची तपासणी केली तर ती फसवी येऊ शकते. ती गोळी साधारण आठवडाभर आधी थांबवावी लागते; कधी ते डॉक्टरांना विचारावे. मजुरीचे पैसे भल्यामोठ्या तपासणी-पॅकेजवर घालवण्याआधी लक्षणांची वही ठेवा: त्रास कोणत्या महिन्यात, कोणत्या कामात, घरात की शेतात? ही वही डॉक्टरांच्या फार उपयोगाची असते.

मळणी, भुसा उडवणे, राईस मिलमधले काम करताना नाकातोंडाला मास्क किंवा दुपट्टा घट्ट बांधा. घरी आल्यावर अंघोळ करून कपडे बदला. गोधडी-उशा उन्हात घाला, खोळी गरम पाण्याने धुवा. 1956 साली पुण्यातून ज्याची नोंद झाली ते गाजरगवत आज गावोगावी आहे. ते फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून उपटा. उकळून थंड केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुतल्यास आराम पडतो.

डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा नाकातला फवारा रोज, नियमित घ्यावा; गुण यायला काही दिवस लागतात. चोंदलेले नाक चटकन मोकळे करणारे थेंब मात्र पाच-सात दिवसांच्या वर घालू नयेत, नाक उलट अधिक चोंदते. झोप आणणारी गोळी घेऊन ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवू नये, थ्रेशरवरही उभे राहू नये.

हा त्रास क्षुल्लक समजू नका. मालागाच्याच डॉक्टरांनी अशा 194 रुग्णांवर दहा वर्षे लक्ष ठेवले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रुग्णांचा त्रास वाढत गेला व दम्याचे प्रमाणही वाढले. तेव्हा रात्री खोकला येत असेल, छातीत सूं-सूं आवाज होत असेल किंवा धाप लागत असेल, तर रिपोर्ट कोरा असला तरी डॉक्टरांकडे जा. आणि घरच्यांनीही शिंकणाऱ्या माणसाला कामचुकार म्हणण्याआधी थोडा विचार करावा.