बार्शीच्या मुली आणि एक डोस

लसीकरण लेखमाला : भाग ६

मागच्या भागात गोवराच्या लसीबद्दल लिहिलं, तर इथे बेंगळुरूच्या जयनगरमधल्या मराठी आयांनी वेगळंच विचारलं : "एचपीव्हीचं काय? डॉक्टर म्हणतात, मुलीला आत्ताच देऊन टाका. अहो, ती अजून सातवीत आहे!" त्यामागचा संकोच मला कळतो. लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू आणि त्याची लस बारा वर्षांच्या पोरीला? पण या लसीचं खरं वय हेच आहे.

एचपीव्हीचे, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचे, दोनशेच्या वर प्रकार आहेत. बहुतेक वेळा लागण होते आणि वर्ष-दोन वर्षांत शरीर ती आपणच निपटून काढतं. काही जणींच्या बाबतीत मात्र ती चिवटपणे टिकते आणि पुढे पंधरा-वीस वर्षांनी गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. अशा दहा रुग्णांपैकी साधारण सात जणींमागे १६ आणि १८ या दोनच क्रमांकांचे विषाणू असतात. हे नातं उलगडणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. भारतात २०२२ या एका वर्षात या कॅन्सरचे अंदाजे सव्वा लाखावर नवे रुग्ण आणि ऐंशी हजारांच्या आसपास मृत्यू झाले.

लसीत जिवंत विषाणू नसतो. यीस्टमध्ये तयार केलेलं त्याच्या प्रथिनाचं रिकामं कवच तेवढं असतं. त्यातून कुणालाही लागण होऊ शकत नाही. आणि झालेली लागण ही लस बरी करत नाही, म्हणूनच ती आधी टोचायची. स्वीडनमध्ये सोळा लाखांहून जास्त मुली-तरुणींच्या नोंदी तपासल्या गेल्या. सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांमध्ये हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी आढळला, त्यानंतर घेतलेल्यांमध्ये ५३ टक्क्यांनी. म्हणजे कॉलेजात गेलेल्या मुलीलाही फायदा आहेच, पण शाळेतल्या मुलीइतका नाही.

आता बार्शीकडे वळतो, कारण जगाचं लसीकरणाचं धोरण बदलण्यात सोलापूर जिल्ह्यातल्या या गावाचा वाटा आहे आणि तो आपल्यालाच फारसा ठाऊक नाही. २००९ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने भारतात एक मोठा अभ्यास सुरू केला. दोन डोस पुरतात की तीनच हवेत, हा प्रश्न होता. दहा ते अठरा वर्षांच्या वीस हजार अविवाहित मुली घ्यायच्या ठरल्या. केंद्रांमध्ये बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय होतं, पुणंही होतं. त्याच सुमाराला तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत एका वेगळ्याच प्रकल्पात मुलींना लस दिली जात होती. तिथल्या काही मुली दगावल्या आणि देशभर गदारोळ उठला. हे मृत्यू लसीमुळे झालेले नाहीत असं चौकशीत निघालं. पण पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी संमतीपत्रांवर सह्या केल्याचंही उघड झालं. ती चूक गंभीरच होती आणि त्यावरचा राग रास्त होता. एप्रिल २०१० मध्ये सरकारने अशा अभ्यासांतलं सगळंच एचपीव्ही लसीकरण थांबवलं आणि बार्शी-पुण्याचा अभ्यासही त्यात अडकला.

तोवर सतरा हजारांहून जास्त मुलींना लस टोचून झाली होती. त्यांतल्या जवळपास पाच हजार जणींचा एकच डोस झाला होता, पुढचे राहूनच गेले. संशोधकांनी अभ्यास गुंडाळला नाही. या मुली मोठ्या झाल्या, लग्न होऊन सासरी गेल्या, तरी आरोग्यसेविकांनी त्यांचा माग ठेवला. लग्नानंतर दीड वर्षाने किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी नमुने घेतले. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष आले. १६ आणि १८ क्रमांकांची टिकून राहणारी लागण रोखण्यात एक डोस सुमारे ९५ टक्के प्रभावी ठरला, दोन-तीन डोसांच्या तोडीस तोड. आफ्रिकेतल्या चाचण्यांनीही तेच दाखवलं आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नऊ ते वीस वयोगटासाठी एका डोसाचा पर्याय मान्य केला. गरीब देशांना निम्म्या खर्चात मुली वाचवता येतील, हे त्या पोरींमुळे कळलं. मला याचा फार अभिमान वाटतो.

तुमचे डॉक्टर तरीही दोन डोस सांगतील, तर गोंधळू नका. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅक लसीला जुलै २०२२ मध्ये परवाना मिळाला, तो नऊ ते चौदा वयाला सहा महिन्यांच्या अंतराने दोन आणि पंधरा ते सव्वीस वयाला तीन डोसांचा आहे. ही लस मुलग्यांनाही देता येते. हाच विषाणू पुरुषांत घशाचा आणि गुदद्वाराचा कॅन्सर घडवतो, तेव्हा भावाचंही विचारून घ्या. अर्ध्या मिलिलिटरचं इंजेक्शन दंडात देतात. दंड दिवसभर ठणकतो, कधी कणकण वाटते. टोचल्यावर पंधरा मिनिटं मुलीला बसवून ठेवायचं, कारण या वयात सुईच्या धसक्यानेच घेरी येते.

एक गोष्ट मात्र आयांसाठी. लस मुलीला दिली म्हणून तुमची तपासणी टळत नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक लाख तीस हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जयनगरहून किदवाई कॅन्सर रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. तिशी ओलांडली असेल तर चाचणीबद्दल तिथे किंवा आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे विचारा. संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जात असेल, तर चाचणीची वाट न पाहता लगेच दाखवा.

आणि मुलीला काय सांगायचं? जे खरं आहे तेच : ही कॅन्सर टाळणारी लस आहे. बाराव्या वर्षी तिला एवढं कळतं. या उन्हाळ्याच्या सुट्टीत पहिला डोस उरकून घ्या.