झाकली मूठ

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण जादूगाराला जितकी अक्षरशः लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाला पडत असेल. चित्रकाराने रंग कसे मिसळले हे कळल्याने चित्राची किंमत उतरत नाही. पेटीवादकाची बोटे तर सर्वांसमोरच फिरत असतात. जादूचे तसे नाही. मूठ उघडली की आत बहुधा एखादा दोरा, आरशाचा तुकडा असे काहीतरी क्षुल्लक निघते आणि 'हात्तिच्या, एवढेच होय!' म्हणत प्रेक्षक उठून जातो. त्या दोऱ्यामागची कित्येक वर्षांची मेहनत त्याला दिसत नाही. म्हणून गुपित हेच जादूगाराचे भांडवल. ते चोरीला गेले तर दाद कोठे मागायची, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

कोर्टात, असे कोणीही म्हणेल. हॉरेस गोल्डिन यालाही तसेच वाटले होते. पेटीत निजलेल्या बाईला करवतीने मधोमध कापण्याचा खेळ पी. टी. सेल्बिट या जादूगाराने जानेवारी १९२१ मध्ये लंडनला करून दाखवला. त्याच वर्षी गोल्डिनने अमेरिकेत तो आपल्या पद्धतीने सुरू केला. खेळावर लोकांच्या उड्या पडल्या, तशा नक्कल करणाऱ्यांच्याही पडल्या. (मूळ कल्पना कोणाची, यावरून या दोघांतही वाद होताच!) तेव्हा १९२३ मध्ये गोल्डिनने आपल्या युक्तीचे पेटंट मिळवले, आणि येथेच घोटाळा झाला. पेटंट हा एक सौदा असतो. तुमची युक्ती आकृत्यांसह लिहून द्या, ती कोणालाही वाचायला खुली राहील. बदल्यात काही वर्षे ती वापरण्याचा हक्क फक्त तुमचा. यंत्र शोधणाऱ्याला हा सौदा परवडतो. जादूगाराने मात्र दाराला कुलूप घालून किल्ली चावडीवर टांगावी, तसे हे झाले. १९३३ मध्ये कॅमल सिगारेट काढणाऱ्या रेनॉल्ड्स कंपनीने जादूची गुपिते फोडणाऱ्या जाहिरातींची मालिका चालवली. तीत करवतीचा खेळही आला. गोल्डिनने दावा लावला. १९३८ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. जे पेटंटच्या कागदात छापून आले आहे, ते गुपित राहिलेच कोठे? एका माणसाचे आयुष्यभराचे भांडवल सिगारेटचा खप वाढवण्याच्या कामी आले.

त्या झाकल्या मुठीची ताकद किती, हे आपल्याच देशाच्या पी. सी. सरकार यांनी दाखवून दिले. ९ एप्रिल १९५६ रोजी बी. बी. सी. दूरदर्शनच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात त्यांनी आपल्या सहकारी तरुणीला फिरत्या चक्राकार करवतीखाली निजवले. करवत फिरली, सरकारांनी तिला हाक दिली, पण ती उठेना. तेवढ्यात कार्यक्रमच संपला! मुलगी खरोखरच मेली, असे समजून घाबरलेल्या लोकांचे दूरध्वनी खणखणू लागले. मुलगी अर्थातच सुखरूप होती. सरकारांचे नाव मात्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत झळकले. करवत कशी चालते, हे आधीच छापून आले असते तर एकही दूरध्वनी वाजला नसता.

मग कायदा काहीच राखत नाही काय? थोडेसे राखतो. अमेरिकेतील टेलर या जादूगाराचा एक खेळ आहे. फुलदाणीत गुलाब, मागे पडद्यावर त्याची सावली. टेलर सुरी चालवतो ती सावलीवर, आणि पाकळ्या गळतात त्या खऱ्या फुलाच्या. १९८३ मध्ये त्याने हा खेळ मूकनाट्य म्हणून नोंदवून ठेवला होता. २०१२ मध्ये बेल्जियमच्या एका जादूगाराने तसाच खेळ यूट्यूबवर टाकून त्याचे साहित्य व कृती विकायला काढली. २०१४ मध्ये न्यायालयाने कौल टेलरच्या बाजूने दिला. पण युक्तीवर स्वामित्वहक्क नसतो, सादरीकरणावर असतो, हेही स्पष्ट केले. म्हणजे नाट्य सुरक्षित, गुपित उघड्यावरच.

राहता राहिली बिरादरीची रीत. १९०५ मध्ये लंडनला स्थापन झालेले 'मॅजिक सर्कल' गुपित फोडणाऱ्या सभासदाला काढून टाकू शकते. पण ज्याला सभासदत्वाची पर्वाच नाही, त्याचे काय करणार? १९९७ मध्ये व्हॅल व्हॅलेंटिनो याने मुखवटा घालून अमेरिकन दूरदर्शनवर एकामागून एक खेळ उकलून दाखवले. जादूगार आपसांत युक्त्या विकतात, पुस्तकेही लिहितात. त्याला माझा आक्षेप नाही. पैसे आणि कष्ट देऊन जो शिकू पाहतो, तो त्या कलेचा शिष्य आहे. ज्याला शिकायचे नाही त्याच्यापुढे गुपित फेकणे, ही गोष्ट निराळी.

येथे कोणी विचारील, मग बुवाबाजीचेही गुपित राखायचे का? प्रश्न रास्त आहे. रेजिनाल्ड स्कॉटने १५८४ मध्ये हातचलाखीच्या युक्त्या छापल्या, त्या चेटकाच्या आरोपाखाली निरपराध माणसे मारली जात होती म्हणून. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवतात व लगेच उकलतात, तेही याच परंपरेतले. पाणी शिंपडताच नारळ पेटतो तो मंत्राने नव्हे, शेंडीत लपवलेल्या सोडियमने. हे लिहिताना मला मुळीच संकोच वाटत नाही. बुवा म्हणतो, ही सिद्धी आहे. जादूगार तिकीट लावून सांगतो, मी तुम्हाला फसवणार आहे. फसवण्याआधी कबुली देणाऱ्याचे बिंग फोडण्यात कसला आला पराक्रम?

आमच्या गावच्या आठवडे बाजारात एक म्हातारा गारुडी येतो. नातवाला टोपलीत बसवून वरून सुरा खुपसण्याचा त्याचा खेळ. गेल्या वर्षी दोन पोरांनी मोबाइलवर पाहिलेली त्यातली मेख ऐन वेळी मोठ्याने ओरडून सांगितली. (ती येथे सांगणार नाही.) लोक हसले आणि पांगले. चादरीवर नाणी पडली ती चारपाचच. माझे वडील मागे थांबले, त्यांनी दहाची नोट टाकली आणि म्हणाले, "बाबा, खेळ पुरा करा." त्याने तो पुरा केला, आम्हा सातआठ जणांसाठी.

गोल्डिन निदान न्यायालयात जाऊ शकला. आपल्याकडच्या १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध कायद्याने भिकेची व्याख्या करताना गाणे, नाचणे, भविष्य सांगणे यांच्याबरोबर खेळ करून दाखवण्याचे निमित्तही त्यात घातले आहे. ज्याचा धंदाच कायद्याच्या लेखी भीक ठरू शकतो, त्या म्हाताऱ्याने टोपलीच्या गुपिताची फिर्याद कोणत्या कचेरीत नोंदवायची?