साडेतीन मिलिमीटर पितळ

रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग वाढवायचा तर काडतुसात बंदुकीची दारू थोडी जास्त भरावी, इतके हे सोपे असेल का? १९३०च्या सुमारास अमेरिकेत एल्मर कीथ, फिलिप शार्प यांसारखे नेमबाज .३८ स्पेशलच्या रिकाम्या पुंगळ्या हाताने पुन्हा भरून हेच करून पाहत होते.

धूररहित दारू जळते, तीही भराभर. पण दाब वाढला की तिचे जळणे आणखी वेगवान होते. त्यामुळे वायू लवकर तयार होतो आणि दाब पुन्हा वाढतो. म्हणजे दारू दहा टक्के जास्त तर दाबही दहाच टक्के जास्त, हे त्रैराशिक इथे चालत नाही. आमच्या मते खरी गोम इथेच आहे. दाब आवरला नाही तर चक्रच फुटते.

१९३५ साली स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर या कंपन्यांनी .३५७ मॅग्नम आणले. सुमारे १० ग्रॅमची गोळी सेकंदाला २६० मीटरऐवजी लांब नळीतून ४५० मीटरच्या आसपास जाऊ लागली. गतिज ऊर्जेचा हिशेब वर्गात जरूर करून घ्या: ३३८ ज्यूलवरून १०१२, म्हणजे जवळजवळ तिप्पट. वेग मात्र दुप्पटही नाही!

गोळीचा व्यास तोच राहिला. मग हे काडतूस जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये कोणी घातले तर? म्हणून पुंगळी मुद्दाम साडेतीन मिलिमीटर लांब केली. जुन्या चक्रात ती पुरती बसत नाही. जादा दारू भरलेली जुनी पुंगळी मात्र तिथे बिनतक्रार बसते.