पाण्यातून खत : स्वस्त उत्प्रेरकाचा शोध

ट्रॅक्टरच्या बॅटरीतले पाणी अधूनमधून कमी होते व आपण त्यात डिस्टिल्ड वॉटर भरतो. हे पाणी जाते कोठे? काही वाफ होते. पण चार्जिंग होताना बरेचसे पाणी विजेने फुटते व त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन वायू होतात. पाणी फोडण्याची ही रीत इ. स. १८०० पासून माणसाला ठाऊक आहे.

शेतकऱ्याचा याच्याशी संबंध काय? युरिया अमोनियापासून होतो आणि अमोनियाला हायड्रोजन लागतो. आपल्या देशात हा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूतून काढतात व त्यातला पुष्कळसा वायू परदेशातून येतो. तिकडे भाव भडकला की खताचा खर्च वाढतो. गोणीवरची किंमत स्थिर दिसते, कारण फरक सरकार भरते.

पंजाबात नांगल येथे १९६१ साली सुरू झालेला कारखाना भाक्राच्या विजेने पाणी फोडूनच खत करीत असे. मात्र ते खत कॅल्शियम अमोनियम नायट्रेट होते. युरियाला कार्बनही लागतो, तो पाण्यात नसतो.

मग आज सगळीकडे असे का करीत नाहीत? एक किलो हायड्रोजनला नऊ किलो पाणी पुरते. पण वीज सुमारे ५० ते ५५ युनिट लागते. हिशेबाने ३९ युनिट पुरावीत. बाकीची बरीच वीज उष्णतेत वाया जाते. ही गळती कमी करतो तो उत्प्रेरक. सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा तो काम सोपे करतो, स्वतः मात्र त्यात खर्च होत नाही.

सौर विजेच्या चढउताराला चांगले जुळवून घेणारी नवी यंत्रे आम्लधर्मी पडद्यावर चालतात. आम्लात साधे धातू झिजून जातात, म्हणून तेथे प्लॅटिनम आणि इरिडियम वापरावे लागते. इरिडियम जगभरात वर्षाला दहा टनही निघत नाही आणि त्यातले बहुतेक दक्षिण आफ्रिकेत.

कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात मात्र निकेल टिकते. म्हणून शास्त्रज्ञ ऑक्सिजनच्या बाजूस निकेल व लोखंड, तर हायड्रोजनच्या बाजूस निकेल व मॉलिब्डेनम यांची मिश्रणे तपासत आहेत. प्रयोगशाळेत ती चांगली चालतात. कारखान्यात वर्षानुवर्षे टिकतील काय, हीच खरी कसोटी आहे. शिवाय वीज महाग राहिली, तर नुसत्या उत्प्रेरकाने खत स्वस्त होणार नाही.

भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट आहे. तोवर शेणखत आणि कडधान्यांची फेरपालट यांनी नत्राची गरज भागवावी व युरिया बेताने वापरावा.

एक सूचना. बॅटरी चार्ज होताना निघणारा हायड्रोजन ठिणगीने स्फोट पावतो. चार्जिंग मोकळ्या हवेत करा, जवळ विडी पेटवू नका, आणि पाण्याची पातळी पाहण्यासाठी काडी कधीही ओढू नका.